चाक फुटपाथला आदळलं, स्टेअरिंग वाकडं झालं : अलाइनमेंटच्या आधी काय तपासायचं?



वळण घेताना अंदाज चुकतो आणि गाडीचं पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला आदळतं. कधी रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या झगझगीत दिव्यांमुळे दुभाजकाची सुरुवातच दिसत नाही. कधी पावसाच्या पाण्याखाली कडेचा दगड झाकलेला असतो. मोठा आवाज होतो, काळजात धस्स होतं. उतरून बघावं तर बंपरला साधा ओरखडाही नाही! गाडी सुरू होते, चालतेही. दोन किलोमीटर गेल्यावर लक्षात येतं, की रस्ता सरळ आहे, गाडीही सरळ चालली आहे, पण स्टेअरिंग मात्र थोडं वाकडं धरावं लागतंय.

अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. टायरच्या दुकानात जातात, अलाइनमेंट करून घेतात, स्टेअरिंग सरळ झालं की विषय संपला असं समजतात. पण तो खरंच संपतो का? आजच्या लेखात आपण हेच समजून घेणार आहोत. सार आधीच सांगते : अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. वाकलेला भाग त्याने सरळ होत नाही. म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, आणि कधीकधी जिवावर बेतू शकतं.

चला तर मग, मुळापासून सुरुवात करू.

१) धडकेत नेमकं होतं काय?

आपण मुलांना शिकवतो, की वेग दुप्पट झाला की वस्तूची गतिज ऊर्जा चौपट होते. हेच इथे लावून बघा. १००० किलो वजनाची गाडी ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा होते १२,५०० ज्यूल. तीच गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली असेल तर ऊर्जा ५०,००० ज्यूल. त्यामुळे पार्किंग करताना हळूच लागलेली कड आणि चालत्या रस्त्यावर बसलेली धडक यांना एकाच मापाने मोजू नका.

आता दिशेचा विचार करू. गाडीचं सस्पेंशन हे मुख्यतः वर-खाली हालचालीसाठी बनवलेलं असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, शॉकअप धक्का जिरवतो. पण चाक तिरकं जाऊन दगडावर आदळलं, तर जोर लागतो बाजूने आणि मागच्या दिशेने. त्या दिशेला स्प्रिंग नाही. तिथे असतात फक्त रबराचे छोटे बुश. ते थोडंसं सोसतात, बाकीचा जोर लोखंडावर येतो.

तिसरी गोष्ट उंचीची. रस्त्याच्या कडेचे दगड साधारण तीन उंचीचे असतात : सुमारे १०० मिलिमीटर, १५० मिलिमीटर आणि २०० मिलिमीटर. आता लहान गाड्यांवर आढळणारा १६५/८० आर १४ हा टायर घेऊ. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे ते. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. याचा अर्थ, जमिनीपासून १३२ मिलिमीटरपर्यंत रबर आहे, त्याच्यावर रिम सुरू होते. दगड १५० मिलिमीटर उंच असेल आणि चाक त्याला बाजूने घासलं, तर दगड थेट रिमला भिडणार. २०५/५५ असा बसका टायर असेल तर रबराची उंची ११३ मिलिमीटरच भरते. टायर जितका बसका, तितकी रिमला ढाल कमी.

हा जोर मग पुढे कसा सरकतो? टायर, रिम, हब आणि त्यातलं बेअरिंग, चाक ज्यावर बसतं तो नकल, तिथून टाय रॉड, लोअर आर्म, शॉकअपचा खांब आणि शेवटी गाडीच्या पोटाखालचा सबफ्रेम. साखळी ओढली की सगळ्यात कमजोर कडी आधी वाकते. पुढच्या चाकाच्या बाबतीत ही कडी बऱ्याचदा टाय रॉड असते, कारण या सगळ्यांत तीच बारीक दांडी आहे. स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणारीही तीच आहे. म्हणजे जी दांडी आपण धरलेल्या चक्राचा आणि रस्त्यावरच्या चाकाचा दुवा आहे, तीच आधी वाकण्याची शक्यता जास्त.

२) तीन कोन समजून घ्या

अलाइनमेंटच्या कागदावर तीन शब्द हमखास असतात : टो, कॅम्बर आणि कॅस्टर. शब्द परके असले तरी कल्पना सोपी आहे.

टो : उभे राहा आणि स्वतःच्या पावलांकडे बघा. अंगठे एकमेकांकडे वळलेले असतील तर तो टो-इन, बाहेर फाकलेले असतील तर टो-आउट. गाडीची दोन्ही पुढची चाकं वरून पाहिली की असाच कोन दिसतो.

कॅम्बर : गाडीसमोर उभे राहून चाकाकडे बघा. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकला असेल तर धन कॅम्बर, आत झुकला असेल तर ऋण. चपलेची एक बाजू जास्त झिजते ना, तसा कॅम्बर बिघडला की टायरची एकच कड झिजते.

कॅस्टर : हा कोन गाडीच्या बाजूने बघायचा. चाक ज्या काल्पनिक अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळतं, तो अक्ष सरळ उभा नसून वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो. ऑफिसच्या खुर्चीचं फिरकं चाक आठवा. खुर्ची ढकलली की ते आपोआप फिरून मागे येतं आणि सरळ धावतं. वळणानंतर स्टेअरिंग हातातून सैल सोडलं की ते आपोआप सरळ होतं, त्यामागे कॅस्टरचा मोठा हात असतो.

हे कोन फार लहान असतात. म्हणून ते अंश आणि मिनिटांत मोजतात. १ अंश म्हणजे ६० मिनिटं. 'एवढ्याशा कोनाने काय होतंय?' असं वाटत असेल तर एक गणित करू. एखादं चाक आपल्या सरळ दिशेपेक्षा १ अंशाने तिरकं राहून धावतंय. साइन १ अंश म्हणजे ०.०१७५. आता १००० मीटरला याने गुणा. उत्तर येतं साडेसतरा मीटर. म्हणजे गाडी १ किलोमीटर पुढे गेली, तेवढ्यात तो टायर सुमारे साडेसतरा मीटर आडवा घासला गेला! शाळा दहा किलोमीटरवर असेल तर एका खेपेत १७५ मीटर. खोडरबर कागदावर घासावा तसं रोज रबर घासलं जातं. मग काही हजार किलोमीटरमध्ये नवा टायर एका कडेने गुळगुळीत होतो यात नवल ते काय?

३) लक्षणांवरून अंदाज कसा बांधायचा?

धडकेनंतर गाडी जे सांगते ते नीट ऐका. खाली नेहमीची लक्षणं आणि त्यांची संभाव्य कारणं दिली आहेत.

• गाडी सरळ, स्टेअरिंग वाकडं : टो बदलला आहे. टाय रॉड वाकला असण्याचा संशय आधी घ्या. मागचं चाक आदळलं असेल तर मागचा अॅक्सल तिरका झाल्यानेही असं होतं. मग गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते.

• गाडी एका बाजूला ओढते : दोन्ही बाजूंचा कॅम्बर किंवा कॅस्टर सारखा राहिलेला नाही, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा एका चाकाचा ब्रेक धरून राहतोय. आधी हवा तपासा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे डावीकडे किंचित कल हा दोष नव्हे.

• ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं : रिम वाकली आहे, टायर आतून खराब झाला आहे किंवा चाकाचं वजन असमतोल झालं आहे. हे अलाइनमेंटने जात नाही. बॅलन्सिंग करताना चाक मशीनवर फिरलं की वाकलेली रिम डोळ्यांना दिसते.

• वेगासोबत वाढणारी घूं घूं : बेअरिंगवर संशय घ्या.

• वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही किंवा एका बाजूला जड लागतं : शॉकअपचा खांब, लोअर आर्म किंवा स्टेअरिंगचा रॅक यांत काहीतरी वाकलं किंवा अडकलं आहे.

• खडखड, टकटक असा आवाज : बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा बुश सैल झाला आहे.

• डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा किंवा घसरण-नियंत्रणाचा दिवा लागला : सेन्सरला स्टेअरिंगचा कोन आणि गाडीची दिशा यांचा मेळ लागत नाही.

४) जागेवरच दहा मिनिटांची तपासणी

धडक बसली की घाबरून गाडी तशीच पुढे रेटू नका. वेग कमी करा, चारही इंडिकेटर लावा, सुरक्षित जागी थांबा. रस्त्यावर रहदारी असेल तर सोबतच्या मुलांना आधी रस्त्यापासून लांब उभं करा. मग पुढील गोष्टी बघा.

(अ) टायरची बाहेरची बाजू हाताने चाचपा. फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत असं समजा. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही. टायर बदलावाच लागतो. स्टेपनी लावा. शक्य तेवढं वाकून टायरची आतली बाजूही बघा. फुगा तिकडेही असू शकतो.

(आ) रिमची कड बघा. लोखंडी रिम सहसा चेपते, अलॉय रिमला तडा जाऊ शकतो. हवा सुटतेय असं वाटलं तर साबणाचं पाणी कडेने लावा. बुडबुडे आले की समजून जा.

(इ) स्टेअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढची चाकं आणि त्यांच्या भोवतालची चाकाची कमान यांमधली फट बघा. डावं चाक उजव्यापेक्षा मागे सरकलेलं दिसलं तर लोअर आर्म किंवा सबफ्रेमला मार बसला आहे. घरी आल्यावर टेपने पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सेंटिमीटरभर फरक आला तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

(ई) गाडीखाली बघा. तेल, पाणी किंवा ब्रेकचं ऑइल टपकत आहे का? रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं आहे का?

(उ) उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कुठे अडकतं का, टायर कुठे घासतो का? ब्रेकचं पेडल नेहमीसारखं घट्ट आहे का?

यांपैकी काही ठळक बिघाड दिसला, म्हणजे चाक तिरकं उभं आहे, स्टेअरिंग अडकतंय, ब्रेकचं ऑइल गळतंय किंवा चाक हलतंय, तर गाडी चालवत नेऊ नका. उचलून न्या. सगळं ठीक दिसलं तरी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. घाटातून घरी जाण्याचा बेत त्या दिवशी रद्द केलेला बरा.

५) गॅरेजमध्ये कामाचा क्रम

समजण्यासाठी आपण नेहमीच्या लहान गाडीची रचना घेऊ. मारुतीची स्विफ्ट किंवा वॅगनआर बघा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकत्र खांब. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकसंध तुळई. अशा रचनेत सहसा पुढचा टो तेवढाच नीट कमी-जास्त करता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर हे भागांच्या आकारातूनच ठरलेले असतात. म्हणून ते बिघडले असतील तर बहुधा एखादा भाग वाकला आहे किंवा जागेवरून सरकला आहे. पाना फिरवून ते दुरुस्त होणार नाहीत.

तेव्हा मेकॅनिकला नम्रपणे पण स्पष्ट सांगा, की चाक कडेला आदळलं आहे, आधी खालून तपासा. क्रम असा असू द्या.

पहिली पायरी, चाक आणि टायर. फुगा, तडा, वाकलेली रिम असेल तर ती आधी बदला. खराब चाकावर केलेलं अलाइनमेंट निरुपयोगी.

दुसरी पायरी, सैलपणा. गाडी उचलल्यावर चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवतात. तिथे खेळ जाणवला तर टाय रॉड किंवा त्याच्या टोकाचा जॉइंट बघायचा. मग १२ आणि ६ च्या जागी धरून हलवतात. तिथे खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे काम लिफ्टवर करून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, आपण नाही आणि गॅरेजमधला मुलगाही नाही.

तिसरी पायरी, डाव्या-उजव्याची तुलना. गाडीच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. सममिती हा धडा इथे कामाला येतो. आदळलेल्या बाजूचा टाय रॉड, लोअर आर्म, स्ट्रट हे न आदळलेल्या बाजूशी ताडून बघायचे.

चौथी पायरी, वाकलेला भाग बदलणं. इथे फार सावध राहा. 'गरम करून सरळ करून देतो, नवा कशाला?' असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. एकदा वाकलेलं लोखंड पुन्हा सरळ केलं, की दिसायला सरळ दिसतं, पण त्याची ताकद पहिल्यासारखी राहत नाही. तार दोन-चार वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते, हा प्रयोग तर मुलंही करतात. तारेच्या तुटण्याने काही बिघडत नाही. चालत्या गाडीत टाय रॉड तुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही, आपल्या मनाने वळतं.

पाचवी पायरी, बोल्ट आणि बुश. नवा लोअर आर्म बसवला तर त्याच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

सहावी आणि शेवटची पायरी, अलाइनमेंट. त्याआधी चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा हवी. डिकीत जड सामान नको. स्टेअरिंग मधोमध धरून पकडीत अडकवलेलं हवं. काम झाल्यावर टाय रॉडचं लॉकनट आवळलं आहे ना, हे विचारून घ्या. गाडीत स्टेअरिंग-कोनाचा सेन्सर असेल तर तोही शून्यावर आणायला सांगा.

आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राच्या गाडीचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. दुभाजकाला पुढचं डावं चाक लागलं होतं. दीड महिन्यात दोनदा अलाइनमेंट झालं. दोन्ही वेळा स्टेअरिंग अगदी सरळ झालं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग सर्व्हिसिंगच्या वेळी एका जुन्या मेकॅनिकने चाक पूर्ण वळवून टायरची आतली कड दाखवली. नक्षी पुसली गेली होती, धागे दिसू लागले होते. त्यांनी टाय रॉड काढला आणि फरशीवर पेन्सिल लोळवावी तसा लोळवला. तो सरळ लोळेना, उड्या मारत गेला! दोन्ही अलाइनमेंटच्या वेळी वाकलेल्या दांडीचे आटे फिरवून लांबी जुळवण्यात आली होती. दांडी वाकडीच राहिली आणि त्या गाडीतून रोज घरातली दोन मुलं शाळेत येत होती. नवा टाय रॉड आणि नवा टायर घातल्यावर प्रश्न मिटला.

या उदाहरणातून एक गोष्ट शिकू : सरळ स्टेअरिंग हा दुरुस्तीचा पुरावा नाही. काही ठिकाणी तर स्टेअरिंगचं चक्र काढून, दातं बदलून सरळ बसवतात. हे म्हणजे घड्याळ मागे पडलं म्हणून डायल फिरवण्यासारखं झालं. शिवाय चक्राच्या मधोमध एअरबॅग असते. तिथे विनाकारण हात घालणं धोक्याचंच.

६) जाता जाता थोडा इतिहास

वळणावर गाडीचं आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जास्त वळावं लागतं. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकचे गाड्या बनवणारे कारागीर गेओर्ग लांकेन्सपर्गर यांनी १८१७ मध्ये तशी रचना केली. १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अॅकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं. म्हणून आजही तिला अॅकरमनचं नाव आहे. आपल्या विषयाशी याचा संबंध काय? नकलला जोडलेला स्टेअरिंगचा हात जर धडकेत वाकला, तर सरळ रस्त्यावर टो बरोबर जुळवता येतो, पण वळणावर दोन चाकांमधला हा मेळ बिघडतो. टायर वळताना किंचाळतात. म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणी सरळ रस्त्यावर आणि वळणावर, दोन्हीकडे घ्या.

७) अलाइनमेंटचा कागद वाचायला शिका

मशीनवर काम झालं की छापील कागद मागून घ्या. त्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने असतात. बाजूला कंपनीने ठरवलेली मर्यादा असते. मर्यादेत असलेला आकडा हिरवा आणि बाहेरचा लाल दिसतो. तीन गोष्टी बघा.

• डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये आणि कॅस्टरमध्ये मोठा फरक आहे का? आदळलेल्या बाजूचाच आकडा लाल असेल तर तिथे वाकलेला भाग अजून शिल्लक आहे.

• मागच्या चाकांचे आकडे दिले आहेत का? मागचं चाक आदळलं असेल तर चारही चाकांची मोजणी आवश्यकच.

• 'नंतर'च्या रकान्यातही लाल आकडा असेल तर कारण विचारा. 'एवढं चालतं' हे उत्तर पुरेसं नाही.

हा कागद जपून ठेवा. हजारेक किलोमीटर चालल्यावर टायरच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो अजून बिघडलेला आहे.

८) विम्याचं काय?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यातून मिळत नाही. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक विमा असेल तर अपघाती नुकसानाचा दावा करता येतो. पण त्यातली टायरची अट माहीत असावी. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायर-ट्यूबचं नुकसान धरत नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या बदली खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. टायरसाठी वेगळं जादा संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

दावा करायचा असेल तर भाग खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. दुसरं, दाव्याने नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून दुरुस्तीचा खर्च आणि जाणारा बोनस यांची वजाबाकी करूनच ठरवा. नुसता टाय रॉड बदलायचा असेल तर दावा न करणंच बऱ्याचदा परवडतं. सबफ्रेमपर्यंत मार गेला असेल तर दावाच बरा.

लक्षात ठेवा

१. धडकेनंतर आधी टायरचा फुगा आणि रिम बघा.
२. सैलपणा आणि वाकलेपणा तपासल्याशिवाय अलाइनमेंट करू नका.
३. स्टेअरिंगचे वाकलेले भाग सरळ करून वापरू नका, बदला.
४. मशीनचा कागद मागा, वाचा, जपा.
५. थरथर म्हणजे चाक आणि बॅलन्सिंग, ओढ म्हणजे हवा, ब्रेक किंवा कोन, खडखड म्हणजे सैल जॉइंट. लक्षण नीट सांगितलं की मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

स्वाध्याय

प्रश्न १. तुमच्या गाडीच्या टायरवरचे आकडे वहीत लिहा. टायरच्या बाजूची उंची काढा. १५० मिलिमीटर उंच दगडाशी तिची तुलना करा.

प्रश्न २. एक चाक ३० मिनिटांनी, म्हणजे अर्ध्या अंशाने तिरकं धावत आहे. २० किलोमीटरमध्ये टायर अंदाजे किती मीटर आडवा घासला जाईल? (साइन अर्धा अंश = ०.००८७. उत्तर : सुमारे १७४ मीटर.)

प्रश्न ३. पाच पेन्सिली किंवा जुन्या रिफिली घ्या. एक किंचित वाकवा. सगळ्या फरशीवर लोळवून वाकलेली कोणती, हे मुलांना डोळे मिटून फक्त आवाजावरून ओळखायला सांगा.

तिसरा उपक्रम वर्गात जरूर घ्या. मुलांना मजा येते. आणि पुढच्या वेळी गाडी कुठे आदळली, तर मागच्या सीटवरून तुमचाच विद्यार्थी किंवा लेक विचारेल, "दांडी लोळवून बघितली का?" त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय गाडी घाटात घालू नका.